परग्रहावर बोअर मारायचा, तर गाडीवर माणूस पाहिजे की नको?

साडेसहा_इंची | मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या. एरवी मी इथे नुसता वाचतो.

धंदा बोअरवेलचा. गाडी आमची, गाडीवरची पोरं तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडूकडची. नाशिक जिल्ह्यात बावीस वर्षं भोकं पाडतोय. गावाचं नाव सांगा, किती फुटांवर कातळ लागेल ते चहा संपायच्या आत सांगतो. पाणी लागेल का ते मात्र सांगत नाही, ते पाणाड्याचं खातं.

परवा दिंडोरीच्या पुढे एका द्राक्षबागेत काम धरलं. वर अठरा फूट मुरूम, वीस फूट केसिंग (वरची माती ढासळू नये म्हणून घालायचा पाइप) उतरवलं, खाली काळा कातळ. करडी पावडर छान उडत होती. २७० फुटांच्या पुढे पावडर एकदम विटकरी झाली. आपल्याकडे दोन कातळांच्या मध्ये कधी कधी असा तांबड्या मातीचा थर निघतो. हँडलवर नवीन पोरगा होता. त्याने रॉड वर घ्यायचा, तर आणखी दाबला. थर ढासळला आणि २८० वर हॅमर, म्हणजे रॉडच्या टोकाचा कातळ ठोकणारा भाग, अडकला. ना वर, ना खाली, ना फिरे. चौदा रॉड, हॅमर, बिट सगळं जमिनीत आणि मी बांधावर. किंमत लिहीत नाही, घरचे वाचतात.

दोन दिवस आंब्याखाली बसून आहे. मुलगा मोबाईल घेऊन आला आणि म्हणाला, "पप्पा, नासाचा पण अडकला होता."

मला वाटलं थट्टा करतोय. पण खरंच निघालं. इनसाइट नावाचं यान २६ नोव्हेंबर २०१८ ला मंगळावर उतरलं. त्याच्याबरोबर जर्मन लोकांनी केलेला ४० सेंटिमीटरचा एक जाड खिळा होता. आपल्या भाषेत घूसच म्हणा. आत स्प्रिंगवर हातोडा. मोटर स्प्रिंग ताणते, सोडते, हातोडा आतून ठोकतो, खिळा जरासा पुढे सरकतो. मागे तापमान मोजायची पट्टी ओढत त्याने पाच मीटर खाली जायचं, म्हणजे मंगळाच्या पोटातून किती ऊब वर येते ते कळेल. पाच मीटर म्हणजे साडेसोळा फूट. अहो, आमचं केसिंगच वीस फूट जातं.

२८ फेब्रुवारी २०१९ ला ठोकायला सुरुवात केली. फूटभर गेला आणि थांबला. कारण वाचलं आणि मी उठून बसलो. हातोडा ठोकला की मागे धक्का बसतो. तो धक्का आजूबाजूच्या मातीने खिळ्याला धरून जिरवायचा असतो. तिथली वरची माती खपलीसारखी घट्ट. ती ढासळून खिळ्याला बिलगलीच नाही, उलट भोवती खड्डा झाला आणि खिळा जागच्या जागी नाचत राहिला. म्हणजे माझ्या उलटा रोग. माझा माती ढासळल्यामुळे अडकला, त्यांचा न ढासळल्यामुळे.

मग जवळजवळ दोन वर्षं खटपट. यानाच्या हाताला एक छोटं खोरं होतं, त्याने बाजूने दाबून धरला. थोडा गेला. ऑक्टोबर २०१९ मध्ये उलटा अर्धा बाहेर आला. परत दाबला, मग वरून दाबला. मंगळावर निरोप पोचायला जवळ असताना ३ मिनिटं, लांब असताना २२. त्यामुळे एक ढकल द्यायची आणि फोटो येईपर्यंत थांबायचं. शेवटी खिळ्याचं डोकं जेमतेम मातीखाली गेलं. ९ जानेवारी २०२१ ला आणखी ५०० ठोके मारून पाहिले. हलला नाही. सोडून दिला.

माझं म्हणणं साधं आहे. तिथे एक माणूस असता, कुणीही, माझ्या गाडीवरचा तो नवखा पोरगासुद्धा, तर त्याने टाचेने बाजूची माती आत लोटली असती, खिळ्यावर पाय देऊन उभा राहिला असता आणि अर्ध्या तासात काम झालं असतं. रोव्हर-बिव्हर ठीक आहे, फोटो काढायला. भोकाच्या तोंडाशी माणूसच पाहिजे.

तुम्हाला काय वाटतं?

---

तर्री_जास्त | मंगळवार, रात्री ११.५२

मंगळावर फुटाचा भाव काय सांगितला? केसिंग त्यातच धरून की वेगळं?

---

उगाच | बुधवार, सकाळी ७.१०

वाचतोय. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

---

ऑफसेट | बुधवार, सकाळी ८.०५

काका, स्वागत. धागा फार आवडला. मत नाही आवडलं.

अंबडला सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) सेटर आहे, नाइट संपवून घरी आलोय. झोपायच्या आधी एवढं लिहितोच, नाहीतर झोप लागायची नाही.

भोकाच्या तोंडाशी माणूस असला की काय होतं ते अपोलोवाल्यांनी करून दाखवलंय. कामही तुमच्या घुशीचंच, जमिनीत भोक पाडून तापमानाची कांडी आत सोडायची.

अपोलो १५, १९७१. डेव्हिड स्कॉट चंद्रावर ड्रिल हातात धरून उभा. जायचं होतं तीन मीटर. पहिलं भोक दीड-पावणेदोन मीटरच्या आसपास अडलं, दुसऱ्याची गत त्याहून वाईट. चूक त्याची नव्हती, रॉडची होती. रॉडच्या अंगावरचे आटे जोडापाशी तुटक होते, त्यामुळे भुगा वर यायच्या ऐवजी जोडात गच्च बसायचा. (हे वाचून मला आमच्या ड्रिलांवर गुंडाळलेली चिप आठवली.) मग नमुन्यासाठी वेगळी नळी घातली, ती २.४ मीटर गेली. पण निघेना. ती तशीच ठेवली, दुसऱ्या दिवशी स्कॉट आणि त्याचा जोडीदार अर्विन दोघांनी हँडलखाली खांदे लावले तेव्हा बाहेर आली, आणि स्कॉटचा खांदा चांगलाच दुखावला. एवढं करून नळीचे तुकडे सोडवायला गेले, तर गाडीवरचा वाईस (नळी धरायचा शिकंजा) उलटा बसवलेला. तो बसवला होता पृथ्वीवर, निवांत वेळ असताना, माणसांनी.

अपोलो १६, एप्रिल १९७२. रॉड सुधारले. चार्ली ड्यूकने पहिलं भोक पूर्ण मारलं, कांडी आत गेली. तेवढ्यात त्याचा जोडीदार जॉन यंगचा पाय कांडीच्या वायरमध्ये अडकला आणि वायर जोडापासून तुटली. खलास. प्रयोग तिथेच संपला. यंगला नावं ठेवू नका. सूट इतका फुगलेला असतो की स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि तिथे वजन सहाव्या हिश्शाचं, त्यामुळे वायरसुद्धा जमिनीवर लोळत नाही, वेटोळी घालून उभी राहते.

अपोलो सतरालाच काय ते दोन्ही कांड्या नीट बसल्या, अडीच मीटरच्या आतबाहेर. तीन मोहिमांत मिळून पोटातून वर येणाऱ्या उष्णतेचे हाती लागले दोन जागचे आकडे, पंधराच्या जागी चौरस मीटरला २१ मिलिवॅट, सतराच्या जागी १६.

आमच्या शॉपमध्ये गेल्या महिन्यात एकाने टूल बदललं, ऑफसेट (नव्या टूलचं माप मशीनला सांगायचा आकडा) टाकायचा राहिला, सायकल स्टार्ट दाबलं. आवाज पार गेटपर्यंत. माणूस मशीनच्या समोरच उभा होता.

---

साडेसहा_इंची | बुधवार, दुपारी १२.२०

यंगच्या पायाचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे कंप्रेसरच्या होजला असंच कुणीतरी अडखळतं. त्याला शिव्या घालायला निदान आपण तिथे असतो.

पण भाऊ, पंधराची नळी शेवटी निघाली ती दोघांच्या खांद्यानेच ना? खोऱ्याने निघाली असती का? हे माझ्या बाजूने धरा.

आणि एक सांगा, सोळाला नळी काढायला काय केलं? परत खांदे?

---

ऑफसेट | बुधवार, रात्री ९.१५

नाही, जॅक दिला बरोबर. नळी धरून लिव्हर मारत थोडी थोडी वर काढायची. सोळालाही चालला, सतरालाही.

---

साडेसहा_इंची | बुधवार, रात्री ९.१८

जॅक.

थांबा. मुलाला फोन करतो.

---

तर्री_जास्त | बुधवार, रात्री ९.३०

काका गेले जॅक आणायला. आता धाग्याला अडकलेल्या हॅमरचं लाइव्ह कव्हरेज म्हणायला हरकत नाही.

---

पेठरोडी | बुधवार, रात्री १०.०२

तुमचं चालू द्या. आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी आणि तुम्ही मंगळाचं पोट गरम की गार ते बघा. शिवाय चंद्रावर माणूस गेला होता हे कुणी पाहिलं? सावल्यांचे फोटो...

---

गारगोटी | बुधवार, रात्री १०.४०

सावल्यांचा धागा वेगळा आहे, दीड हजार प्रतिसाद झालेत, तिकडे या. इथे नको.

साडेसहा_इंची, मी कॉलेजात भूशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त. "पावडर एकदम विटकरी झाली" हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. ते मी तीस वर्षं पोरांच्या डोक्यात भरवायचा प्रयत्न करत होते. तो तांबडा थर म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा यायच्या आधी त्याच्या पाठीवर तयार झालेली जुनी माती. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची, वरून आलेल्या लाव्ह्याने भाजून निघालेली. तुमचा हॅमर अडकलाय तो तिच्यात.

आता मंगळ. क्युरिऑसिटी रोव्हरने फेब्रुवारी २०१३ मध्ये पहिलं भोक पाडलं. रुंदी १.६ सेंटिमीटर, खोली ६.४. तुमच्या भाषेत तळहाताएवढंसुद्धा नाही. पण वर सगळं तांबडं आणि भोकातून पावडर आली करडी! त्या भोकाचा फोटो मी अजून वर्गात दाखवते (निवृत्त झाले तरी बोलावतात). लाल रंग म्हणजे वरचा गंज. आत गंज पोचलेलाच नव्हता. तो खडक तळ्याच्या गाळाचा निघाला, त्यात चिकणमातीची खनिजं सापडली, म्हणजे तिथे कधीकाळी बऱ्यापैकी गोडं पाणी असलं पाहिजे. अडीच इंचांच्या भोकातल्या भुग्यातून हे कळलं. आणि ड्रिल चालवत होतं यंत्र.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर ऑफसेट खूश होऊन झोपतील. अपोलो १७ वर हॅरिसन श्मिट होता. चंद्रावर गेलेल्या बारा जणांत व्यवसायाने भूशास्त्रज्ञ तो एकटा. शॉर्टी नावाच्या विवराच्या काठावर त्याच्या बुटाने करडी माती उकरली गेली आणि खाली नारिंगी दिसली. तो ओरडलाच. ती नारिंगी माती म्हणजे साडेतीन अब्ज वर्षांहून जुन्या ज्वालामुखीच्या कारंज्यातून उडालेले काचेचे बारीक मणी. हे मणी इथे आणून ठेवले होते म्हणून २००८ साली, उपकरणं सुधारल्यावर, त्यांच्यात पाण्याचा अंश सापडला. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला आपलं चांद्रयान-१ निघालं, त्यालाही वरून पाण्याची खूण सापडली. तुमचा पाणाड्या म्हणा हवं तर.

मला विचाराल तर डोळा कुणाचा याने फार फरक पडत नाही. क्युरिऑसिटीचे फोटो शेकडो भूशास्त्रज्ञ बघतात, श्मिटचे डोळे दोनच होते. फरक वेळेचा. श्मिट आणि त्याचा जोडीदार सर्नन तीन दिवसांत गाडीने ३५ किलोमीटर हिंडले, म्हणजे नाशिकहून त्र्यंबकला जाऊन थोडं पुढे. मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला ४५ किलोमीटर, म्हणजे इगतपुरी गाठायला, २००४ ते २०१८ लागली. पण शॉर्टीपाशी श्मिटला मिळाला जेमतेम अर्धा तास. ऑक्सिजन, परतीचं अंतर, घड्याळ. रोव्हर एका दगडापाशी महिना काढतो, कुणी हाक मारत नाही.

अवांतर: नाशिकच्या खाणींतल्या झिओलाइटचे स्फटिक ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघून या. आपल्याच काळ्या कातळाच्या पोकळीत गरम पाणी खेळून तयार झालेत. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांना तिथेही झिओलाइटच्या जातीचं खनिज दिसलंय. माझं सदस्यनाम तिथूनच आहे, संग्रहालयाशी माझा बाकी काही संबंध नाही.

---

उगाच | बुधवार, रात्री १०.५५

वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

सोनाका | गुरुवार, सकाळी ६.३०

ताई, सुंदर लिहिलंत.

निफाड तालुका, सहा एकर बाग. मी फार शिकलेला नाही, पण मातीचं तापमान हा माझा विषय आहे, म्हणून बोलतो.

२३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६.०४. चांद्रयान-३ चं विक्रम चंद्रावर उतरलं तेव्हा मी पिंपळगावच्या मार्केटमध्ये टोमॅटोच्या क्रेटवर बसून मोबाईलवर बघत होतो. लिलाव थांबला होता. त्या विक्रमवर चास्टे नावाची कांडी होती, दहा सेन्सर लावलेली, मोटरने हळूहळू दहा सेंटिमीटर आत घुसणारी. चार दिवसांनी आलेख आला. वर पन्नासच्या पुढे आणि आठ सेंटिमीटर खाली उणे दहा. आठ सेंटिमीटर म्हणजे चार बोटं. चार बोटांत साठ अंशांचा फरक! बागेत मल्चिंग (माती झाकणारं आच्छादन) टाकल्यावर चार-पाच अंशांचा फरक पडला तरी आम्ही एकमेकांना फोन करतो. चंद्राची माती इतकी भुसभुशीत आणि कोरडी, वर हवा नाही, म्हणून ऊन खाली उतरतच नाही. त्याहून चांगलं मल्चिंग कुणाच्या बापाला जमणार नाही.

सांगायचं हे की कांडी आत गेली. न अडकता. २०१४ मध्ये युरोपवाल्यांनी धूमकेतूवर फिले उतरवलं, त्याची हातोडीवाली कांडी टणक पृष्ठभागात घुसलीच नव्हती. मंगळावरची घूस काकांनी सांगितलीच. आपल्या लोकांनी पाच मीटरचा हव्यास धरला नाही, चार बोटांचं काम घेतलं आणि पुरं केलं. मला हे आवडलं. एकरी वीस टनांच्या मागे लागून घड कुजवण्यापेक्षा बारा टन निर्यातीचा माल बरा.

पेठरोडी, पाण्याचं तुमचं खरं आहे, पण हिशोब करू. चांद्रयान-३ चा खर्च ६१५ कोटी. एकशे चाळीस कोटी माणसांत वाटला तर माणशी साडेचार रुपयेसुद्धा नाहीत. तर्री_जास्त यांच्या जादा तर्रीला मिसळवाला त्याहून जास्त लावतो.

---

तर्री_जास्त | गुरुवार, सकाळी ८.४०

तर्री फुकट असते हो. पाव जास्त लागतो, त्याचे पैसे.

बाकी माणूस पाठवायचा हिशोब पण करा की. गगनयानच्या पूर्ण कार्यक्रमाला २०२४ मध्ये मंजुरी वाढवून मिळाली ती २०,१९३ कोटींची, अंतराळ स्थानकाचा पहिला तुकडा धरून. म्हणजे माणशी १४४ रुपये. मिसळ, पाव, ताक आणि वर पान. साडेसहा काका, तुमचा माणूस महाग पडतोय.

---

मृगाची_चौथी | गुरुवार, दुपारी ३.१०

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लेक्चरमधून लिहितेय, टायपो माफ करा.

काका, क्युरिऑसिटीच्या ड्रिलची पुढची गोष्ट कुणी सांगितलीच नाही. डिसेंबर २०१६ मध्ये त्याचं फीड बंद पडलं. म्हणजे बिट फिरतं, पण पुढे सरकवणारी यंत्रणा अडकते. ड्रिलच्या दोन बाजूंना दोन खुंट होते, ते खडकावर टेकवून मधून बिट पुढे जायचं अशी मूळ रचना. ते संपलंच. दीड वर्ष एकही भोक नाही.

मग त्यांनी काय केलं, तर बिट जेवढं बाहेर येतं तेवढं आणून तसंच ठेवलं आणि रोव्हरचा अख्खा हातच ढकलायला लावला. आपण घरी भिंतीला हँडड्रिल दाबतो तसं. त्या हाताची रचना यासाठी केलेलीच नव्हती. बाजूला जोर गेला तर बिट अडकणार आणि मग काकांसारखं आंब्याखाली बसायलाही तिथे कुणी नाही. मे २०१८ मध्ये पहिलं भोक जमलं, पाच सेंटिमीटर.

हे जमलं कसं? अमेरिकेत पासाडेनाला नासाकडे तस्साच दुसरा रोव्हर आहे. जुळा. त्याच्यासमोर दगड ठेवून महिनोन् महिने भोकं पाडली, बिट मुद्दाम तिरकं धरून अडकवलं, परत सोडवलं. त्या घुशीचंही तसंच, जर्मनीत खोक्यात माती भरून तिच्या जोडीदाराला ठोकत बसले होते. म्हणजे काका, भोकाच्या तोंडाशी माणूस होताच. फक्त भोक इथलं होतं.

आणि अपयश सगळ्यांचंच आहे हो. मंगळावरच्या पर्सिव्हरन्स रोव्हरने ऑगस्ट २०२१ मध्ये पहिला नमुना घेतला, भोक झकास, नळी उघडून बघतात तर रिकामी. खडक इतका ठिसूळ की पीठ होऊन सांडला. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या दगडावर जमलं. चीनच्या चांग-अ-५ ला २०२० मध्ये चंद्रावर दोन मीटर जायचं होतं, एक मीटरवर दगड आडवे आले, तिथेच थांबवलं. तरी वरची माती खरवडून एकूण १,७३१ ग्रॅम आणलं. रशियाच्या लुना-२४ ने मात्र १९७६ सालीच माणसाशिवाय दोन मीटर जाऊन १७० ग्रॅम परत आणलं होतं. माझ्या आईच्या जन्माच्या आधी!

आता आपलं चांद्रयान-४. २०२४ मध्ये मंजूर झालंय, २,१०४ कोटी. चंद्राची माती घेऊन परत यायचंय.

अजून एक, हे खास काकांसाठी. विक्रमच्या चाचण्यांसाठी बंगळूरला चंद्रासारखी खोटी जमीन केली होती. तिच्यासाठी लागणारा अ‍ॅनॉर्थोसाइट खडक आणला सित्तमपूंडी आणि कुन्नमलई या गावांतून. जिल्हा नामक्कल. तुमचं तिरुचेंगोडू त्याच जिल्ह्यात ना?

---

गारगोटी | गुरुवार, दुपारी ३.४५

शाब्बास गं. लेक्चर कुठलं चाललंय ते विचारत नाही.

---

ऑफसेट | गुरुवार, संध्याकाळी ७.३०

बिट मुद्दाम अडकवून बघणे. हे आमच्या मॅनेजमेंटला कुणीतरी सांगा. आमच्याकडे ट्रायल म्हणजे थेट गिऱ्हाइकाचा जॉब.

माझा मुद्दा थोडा मागे घेतो. मी "माणूस चुकतो" म्हणालो. पण १९७२ ला यंगने वायर तोडली आणि डिसेंबरमध्ये सर्ननने दोन्ही कांड्या बसवल्या. आठ महिन्यांत. यंत्राची चूक सुधारायला क्युरिऑसिटीला दीड वर्ष लागलं आणि घुशीची सुधारायची तर नवीन यानच पाठवावं लागेल.

---

पेठरोडी | गुरुवार, रात्री ८.०५

हे खोटी जमीन करून त्यावर उतरून बघायचं आवडलं. स्मार्ट सिटीच्या रस्त्यांचं आधी असंच करायला पाहिजे होतं. (सावल्यांच्या धाग्यावर जाऊन आलो. तिकडे मारामारी चालू आहे, इथेच बरं वाटतंय.)

---

सोनाका | गुरुवार, रात्री ९.१२

ऑफसेटभाऊ, विरळणी कधी केलीय का? घडातले मणी कात्रीने कमी करायचे. पेठ-सुरगाण्याकडच्या बाया येतात, एका घडाला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. कुठला मणी ठेवायचा, कुठला काढायचा, हे विचारून त्यांना सांगता येत नाही, हाताला कळतं. फवारणीला आता ड्रोन आला, हवामान उपग्रह सांगतो, छाटणी कधी घ्यायची ते मोबाईल सांगतो. विरळणीला अजून बायाच. श्मिटच्या बुटाला नारिंगी माती कळली ते मला तसलं वाटलं.

पण फवारणीला मी बायांना पाठवणार नाही. विष आहे ते. मंगळाची वाट मला फवारणीसारखी वाटते. सहा-सात महिने जायला, तेवढेच यायला, वर किरणोत्सार.

---

साडेसहा_इंची | शुक्रवार, रात्री १०.२५

मंडळी, निघाला!

सविस्तर लिहितो. बुधवारी रात्री ऑफसेटभाऊंनी जॅक म्हटलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. बावीस वर्षांत आम्ही अडकलेला रॉड गाडीच्या जोरावरच ओढत आलो. गाडी पुढून उचलली जाते, रॉड ताणतो, कधी निघतो, कधी तुटतो. यावेळी दोन हायड्रॉलिक जॅक आणले, ट्रकचे. भोकाच्या दोन बाजूंना लाकडी ओंडके, वर जॅक, रॉडला क्लॅम्प, दोन्ही जॅक एकदम. भोकात पाणी सोडलं, मधून मधून हवा मारली. काल दिवसभर काही नाही. आज दुपारी साडेतीनला कट् असा आवाज झाला. मला वाटलं रॉड तुटला. बोटभर वर आला होता. मग वीतभर, मग फिरायला लागला. पाचला चौदाही रॉड जमिनीवर. बिटाची तीन बटणं (तोंडावरचे कठीण दाणे) गेलीत, बाकी शाबूत.

मृगाची_चौथी, तुझं नामक्कलचं पोरांना सांगितलं. त्यांच्यातला एकजण त्याच बाजूचा निघाला, सित्तमपूंडी म्हटल्यावर लगेच हसला. त्यांच्याकडे तो पांढरा दगड बांधावर पडलेला असतो म्हणे. चंद्राचं त्याला माहीत नव्हतं. मग त्याने गावाकडे व्हिडिओ कॉल लावला आणि अर्धा तास काम बंद. मी काही बोललो नाही.

गारगोटीताई, बिटाच्या खोबणीत ती तांबडी माती अडकून वर आली. मूठभर डब्यात ठेवलीय. साडेसहा कोटी वर्षं म्हणालात ते मुलाला सांगितलं, तर तो म्हणतो वास घेऊन बघा. घेतला. ओल्या विटेचा येतो. तुम्हाला हवी असेल तर नाशिकला आणून देतो.

माणूस की यंत्र, त्याचं माझं अजून ठरत नाहीये. जॅक चंद्रावरून आला, खरं. पण तो सुचला खांदा दुखावल्यावर.

शेतकरी म्हणाला त्या भोकाचं नाव काढू नका, जागा बदला. पाणाड्या येऊन नारळ फिरवून गेलाय, विहिरीच्या अंगाला तीस पावलांवर खूण केलीय. उद्या सकाळी सहाला गाडी लावतोय. हँडलवर पोरगा तोच ठेवलाय. पावडर विटकरी दिसली की रॉड वर घे आणि मला हाक मार, एवढंच सांगितलंय.

---

तर्री_जास्त | शुक्रवार, रात्री १०.३१

अभिनंदन! भाव अजून सांगितला नाहीत.

---

गारगोटी | शुक्रवार, रात्री १०.५०

हवी आहे. डब्यावर गाव, तारीख आणि फूट लिहा. पाणी पिऊ नका त्या डब्यातून.